खानदेशातील गृहस्थधर्म

श्रोतेहो, धर्मशील माणूस असे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सहसा दोनच चित्रे उभी राहतात. एक असते घरदार सोडून गेलेल्या विरक्ताचे. दुसरे असते देऊळ, धर्मशाळा किंवा विद्यालय बांधून देणाऱ्या आणि त्याच्या दारावरील शिळेत ज्याचे नाव कोरलेले आहे अशा दात्याचे. ही दोन्ही चित्रे आदरास पात्र आहेत. परंतु या दोहोंच्या मध्ये एक तिसरे चित्र आहे, आणि ते आपल्या फार जवळचे असूनही आपण ते क्वचितच निरखून पाहतो. ज्याने घर सोडले नाही आणि ज्याच्यापाशी शिळा कोरवून घेण्याइतके द्रव्यही नव्हते. ज्याने संसार सचोटीने चालविला, दारी आलेल्यास विन्मुख धाडले नाही, सांजवेळी देवापाशी दिवा लावला आणि घरातल्या सर्वांची पाने वाढून झाल्यावर मग स्वतःचे पान मांडले, अशा माणसाचे ते चित्र होय. इतिहास त्याच्याविषयी मौन धरतो, कारण असल्या आयुष्याचा ताम्रपट होत नाही, सनद निघत नाही आणि दफ्तरात नोंदही राहत नाही. आज मला या तिसऱ्या चित्राविषयी बोलावयाचे आहे आणि त्यासाठी मी खानदेशाचा प्रदेश निवडला आहे.

खानदेश म्हणजे तापी, गिरणा, पांझरा आणि बोरी या नद्यांचा, काळ्या कपाशीच्या जमिनीचा आणि रणरणत्या उन्हाळ्याचा मुलूख. इ. स. १९०६ मध्ये या एका मोठ्या जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. जळगाव हे एकाचे आणि धुळे हे दुसऱ्याचे मुख्य ठाणे ठरले. पुढे १९९८ मध्ये धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला. या मुलखाची भक्तिपरंपरा जुनी आहे. तापीकाठच्या मुक्ताईनगरजवळ, म्हणजे पूर्वीच्या एदलाबादजवळ, मुक्ताबाईचे स्थान आहे आणि तेथून तिची पालखी दरवर्षी पायी पंढरीस जाते. अमळनेरास बोरीच्या काठी संत सखाराम महाराजांची वाडी आहे, आणि वैशाखात तेथे रथ निघतो. जळगावात कार्तिकी एकादशीस रामाचा रथ निघतो. त्याची परंपरा १८७२ सालापासूनची आहे.

या सगळ्या परंपरेत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. वारकरी घरातून निघतो तो परत येण्यासाठी निघतो. काशीस जाऊन देह ठेवण्याची कल्पना वेगळी, आणि आषाढीस विठ्ठलाचे दर्शन घेऊन पेरलेल्या शेताची काळजी करीत गावी परतणे वेगळे. वारी हा संन्यास नव्हे. ती गृहस्थाची भक्ती आहे. परंतु वारीला गेलेल्या माणसाच्या मागे गोठ्यातली गुरे असतात, तान्ही मुले असतात, अंथरुणाला खिळलेले म्हातारे असतात. त्यांच्यापाशी कोणी तरी राहावे लागते, तेव्हा दुसऱ्याला जाता येते. जाणाऱ्याच्या पुण्याची वाच्यता होते, राहणाऱ्याच्या पुण्याची होत नाही. माझ्या आजच्या बोलण्याचा रोख या राहणाऱ्याकडे आहे.

खानदेशातील घराघरांतून जे कुळाचार चालत आले आहेत, त्यांच्यातही हेच दिसते. श्रावणात येथे कानबाईचा उत्सव होतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसवावयाची, सारी भाऊबंदकी एकत्र जमवावयाची आणि देवीला रोटांचा नैवेद्य दाखवावयाचा. या रोटांसाठी जे धान्य घ्यावयाचे, ते अनेक घरांत कुटुंबातील पुरुषांच्या संख्येप्रमाणे मुठी मोजून घेतात. मुठी पुरुषांच्या नावाने मोजल्या जातात. परंतु ते धान्य निवडावयाचे, दळावयाचे आणि चुलीपुढे बसून रोट करावयाचे ते घरातील स्त्रियांनी. या आचारात मी दोष काढू इच्छीत नाही. दुरावलेले भाऊ त्या एका दिवशी एका पंक्तीस बसतात, आणि हे सामर्थ्य पुष्कळ उपदेशांत नसते. परंतु मुठी कोणाच्या नावाने आणि दळण कोणाच्या हातचे, हा प्रश्न मात्र मनात राहतो.

दुसरा सण आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा. वैशाखाचा वणवा पेटलेला असतो. अशा दिवशी पितरांच्या नावाने मातीची घागर पाण्याने भरून पुजावयाची, लेकी माहेरी आणावयाच्या, त्यांना झोके बांधून द्यावयाचे, असा हा सण आहे. सालदाराचे सालही येथे आखाजीपासून मोजण्याची रीत होती. म्हणजे ज्या दिवशी पितरांचे ऋण आठवावयाचे, त्याच दिवशी शेतावर वर्षभर राबलेल्या गड्याचा हिशेब चुकता करावयाचा. धर्म आणि व्यवहार यांची सांगड याहून अधिक सोप्या रीतीने कोणी घातली असेल असे मला वाटत नाही. ज्याने गड्याचा हिशेब बुडविला, त्याच्या घागरीतले पाणी पितरांना गोड कसे लागावे?

असो. हे झाले लोकांच्या रूढीतले. आता या रूढीमागचा विचार शोधण्यासाठी आपण धुळ्याला जाऊ. तेथे शंकर श्रीकृष्ण देव नावाचे एक वकील होऊन गेले. लोक त्यांना नानासाहेब देव म्हणत. त्यांचा जन्म १८७१ चा. अवघ्या बाविशीच्या सुमारास, १८९३ मध्ये, त्यांनी धुळ्यात सत्कार्योत्तेजक सभा स्थापिली आणि पुढचे सारे आयुष्य समर्थ रामदासांच्या वाङ्मयाच्या शोधाला वाहिले. मठामठांतून आणि घराघरांतून जुनी बाडे पडून होती. कित्येक ठिकाणी ती देव्हाऱ्यात पुजली जात. परंतु उघडून वाचली जात नसत. नानासाहेबांनी ती पाहिली, मिळविली, उतरवून घेतली आणि छापली. कल्याणस्वामींच्या हातची म्हणून डोमगावच्या मठात जपलेली जी पोथी, तिच्या आधारे त्यांनी १९०५ मध्ये दासबोधाची आवृत्ती काढली. धुळ्याचे समर्थ वाग्देवता मंदिर हे त्यांच्याच उद्योगाचे फळ. तेथे मूर्तीइतकाच मान हस्तलिखितांना आहे. १९५८ मध्ये त्यांचे निधन झाले.

नानासाहेबांच्या या खटाटोपाचा गृहस्थधर्माशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा की, दासबोधासारखा ग्रंथ घराघरांत पोहोचला तो असल्या गृहस्थांच्या श्रमामुळे, आणि त्या ग्रंथाचा फार मोठा भाग गृहस्थाला उद्देशून आहे. ही मौजेची गोष्ट आहे. परंपरा असे सांगते की समर्थ स्वतः लग्नमंडपातून निघून गेले. संसारी माणसाची दैना तिसऱ्या दशकात त्यांनी इतकी निष्ठुरपणे वर्णिली आहे की वाचणाऱ्याला आपलेच घर त्यात दिसावे. आणि तरीही बाराव्या दशकाच्या आरंभी ते संसारी माणसाला घर टाकून जावयास सांगत नाहीत. आपला प्रपंच आधी नीट करावा, मग परमार्थाचा विचार करावा, आणि या दोहोंपैकी एकाचीही हेळसांड करू नये, असा त्यांचा स्पष्ट अभिप्राय आहे. प्रपंचात गबाळेपणा करणारा माणूस परमार्थातही गबाळाच राहणार, हे त्या विरक्ताने ओळखले होते. घरच्यांना उपाशी ठेवून जो देवाला पक्वान्न दाखवितो, त्याचा नैवेद्य कोणत्या देवाने स्वीकारावा?

परंतु येथेही एक अडचण उरते. प्रपंच नीट करावा असे सांगितले ते कोणाला? ऐकणारा श्रोता बहुधा पुरुष होता. अतिथीचा सत्कार करावा हे तो ऐकून येई आणि घरी येऊन सांगे की आज चार माणसे अधिक जेवतील. त्या चार माणसांसाठी पहाटे जाते ओढणारी बाई त्या कीर्तनाला गेली होती की नाही, हे कोणी विचारले नाही. उदारपणाचा शब्द एकाचा आणि उदारपणाचे श्रम दुसऱ्याचे, अशी वाटणी आपल्या घरांतून फार काळ चालत आली आहे. तिचा उलगडा मला धुळ्यातच, पण अगदी निराळ्या वास्तूत सापडला. ती वास्तू म्हणजे धुळ्याचा तुरुंग.

१९३२ मध्ये कायदेभंगाच्या चळवळीतले पुष्कळ कैदी धुळ्याच्या तुरुंगात होते. विनोबा भावे त्यांपैकीच एक. त्या वर्षीच्या २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी एक याप्रमाणे, गीतेच्या अठरा अध्यायांवर त्यांनी अठरा प्रवचने केली. ऐकणाऱ्यांत साने गुरुजी होते, आणि त्यांनी ती प्रवचने लिहून घेतली म्हणून आज ती आपल्यापाशी आहेत. साने गुरुजी हे मूळचे कोकणातले. परंतु १९२४ ते १९३० पर्यंत अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, आणि खानदेशाने त्यांना आपलेच मानले होते.

ज्यांना घरापासून तोडून आणले आहे अशा माणसांपुढे विनोबा बोलत होते. अशा ठिकाणी वैराग्याचा उपदेश किती सोपा झाला असता! परंतु नवव्या अध्यायावर १७ एप्रिल रोजी जे प्रवचन झाले, त्यात त्यांनी रोजच्या साध्या कर्मांनाच हात घातला. मुलाला न्हाऊमाखू घालणे, घरच्यांना जेवू घालणे, शेतात राबणे, ही कर्मे ईश्वराला अर्पण करण्याच्या भावनेने केली तर तीच पूजा होते, असा त्या प्रवचनाचा आशय आहे. वेगळे साधन शोधीत जाण्याची गरज नाही; जे हातात आहे तेच पवित्र करावयाचे आहे.

हा विचार विनोबांना केवळ पोथ्यांतून मिळाला असे मला वाटत नाही. तो त्यांनी घरात पाहिला होता. त्यांच्या मातोश्री रुक्मिणीबाई यांच्या ज्या आठवणी ते पुढे सांगत असत, त्या या दृष्टीने वाचाव्यात. रुक्मिणीबाईंनी एकदा देवाला एक लक्ष तांदूळ वाहण्याचा नेम केला. त्या रोज एकेक दाणा मोजून वाहत. वडील हिशेबी वृत्तीचे. त्यांनी सुचविले की तोळाभर तांदळात किती दाणे भरतात ते पाहावे आणि त्या मानाने लक्षाचे वजन काढावे. आईला उत्तर सुचेना. तिने मुलाला विचारले. मुलाने सांगितले की येथे मोजणे हे गणित नाही. प्रत्येक दाण्याबरोबर एकदा देवाचे स्मरण आहे. आईचे समाधान झाले.

दुसरी आठवण याहून बोलकी आहे. त्यांच्या घरी कोणी तरी गरीब विद्यार्थी जेवावयास असे. उरलेसुरले शिळे अन्न आई स्वतः खाई किंवा आपल्या मुलाला वाढी. त्या विद्यार्थ्याला मात्र कधीही वाढीत नसे. त्याला ताजेच. मुलाने एकदा विचारले की तू सर्वांना सारखे मानावे असे सांगतेस, मग हा भेद का? आईने तो भेद नाकारला नाही. तू मला मुलगा म्हणून दिसतोस, हे माझे मोहाचे अंग आहे. तो मला देवाच्या रूपात दिसतो, असे तिने सांगितले. हा भेद जगाच्या रीतीच्या अगदी उलट आहे. सामान्यतः आपण आपल्याला ताजे आणि परक्याला शिळे देऊन त्यास दान म्हणतो.

आणि या आईनेच मुलापाशी एक मागणे केले होते. संस्कृत गीता तिला कळत नव्हती. मराठीतली जुनी भाषांतरे तिला अवघड वाटली. तेव्हा तूच का लिहीत नाहीस, असे तिने विचारले. १९१८ मध्ये ती वारली. तिचे मागणे १९३० ते १९३१ या काळात ‘गीताई’च्या रूपाने पुरे झाले. धुळ्याच्या तुरुंगात अठरा रविवार जे ऐकू आले, त्याच्या तळाशी एका गृहिणीचे जेवण वाढणारे हात होते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. त्याच प्रवचनांचे लेखनिक साने गुरुजी यांनी पुढच्याच वर्षी, १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. तीही अशाच एका घराची, कर्जात बुडालेल्या आणि तरीही देण्याची वृत्ती न सोडणाऱ्या आईची कथा आहे. हा योगायोग सहज सोडून देण्यासारखा नाही.

आता धुळे सोडून आपण जळगावला येऊ. ज्या वेळी तुरुंगात ही प्रवचने चालली होती, त्या वेळी जळगावच्या चौधरी वाड्यात पन्नाशी ओलांडलेली एक शेतकरीण राहत होती. तिने गीता वाचली नव्हती, कारण तिला अक्षरओळख नव्हती. तिचे नाव बहिणाबाई. जन्म १८८० मध्ये, नागपंचमीच्या दिवशी, जळगावजवळच्या असोदे गावी, महाजनांच्या घरी. तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी चौधरींशी तिचे लग्न झाले. काशी, ओंकार आणि सोपान ही तीन मुले झाली.

तिचा तरुणपणाचा काळ कसा होता याची कल्पना करून पाहा. १८९६ पासून मुंबई इलाख्यात प्लेगने ठाण मांडले. १८९९–१९०० चा दुष्काळ, ज्याला संवत १९५६ वरून छप्पन्नचा दुष्काळ म्हणतात, त्याने साऱ्या पश्चिम हिंदुस्थानाबरोबर खानदेशालाही भाजून काढले. प्लेगने बहिणाबाईच्या घरावरही घाला घातला; ओंकारचा जीव वाचला, परंतु त्याला कायमचे अपंगत्व आले. आणि तिशीच्या सुमारास तिला वैधव्य आले. पदरी तीन मुले, त्यांत एक अपंग आणि एक अगदी लहान. शेतीची कामे समोर. त्या काळी विधवेकडे पाहण्याची समाजाची दृष्टी कशी होती, हे मी आपणांस सांगावयास नको.

येथे कायद्याचा एक मुद्दा सांगणे अवश्य आहे. एकत्र हिंदू कुटुंबाचा जो प्रमुख, त्याला आपले धर्मशास्त्र आणि न्यायालये ‘कर्ता’ म्हणत आली. मिताक्षरेच्या नियमाप्रमाणे तो कर्ता कुटुंबातील वडीलधारा पुरुष असावयाचा. विधवेला पतीच्या मिळकतीत मुलाबरोबरीचा वाटा देणारा कायदा १९३७ मध्ये झाला. परंतु तो हक्कही मर्यादित, हयातीपुरता होता. पूर्ण मालकी यावयास १९५६ साल उजाडावे लागले, आणि मुलींना जन्मतः सहदायादाचा हक्क मिळावयास २००५. बहिणाबाईला वैधव्य आले ते यातल्या पहिल्या कायद्याच्याही पाव शतक आधी. म्हणजे शास्त्राच्या लेखी ती कर्ता नव्हती आणि होऊही शकत नव्हती. परंतु पेरणी केव्हा, कापणी केव्हा, घरात कोणास काय आणि किती वाढावयाचे, आजाऱ्याकडे कोणी पाहावयाचे, मुलाने शाळेत जावयाचे की नाही, या प्रश्नांना रोज तोंड द्यावयाचे ते तिने. तिचा धाकटा मुलगा सोपान शिकला आणि कवी झाला. अक्षरओळख नसलेल्या विधवेने मुलाच्या हाती लेखणी राहू दिली, हे मी तिच्या गृहनेतृत्वाचे सर्वांत मोठे कृत्य समजतो.

तिची भक्ती कशी होती? ती जात्यावर होती. खानदेशात जात्याला घरोट म्हणतात, आणि पहाटे घरोट ओढताना, शेतात खुरपताना, चुलीपुढे बसताना ती लेवा गणबोलीत गाणी रचीत असे. पेरणी, मोट, कापणी, उपणणी, घरोट, चूल, पोळा, आखाजी हे तिच्या गाण्यांचे विषय. मुक्ताईवर तिचे गाणे आहे. देव तिला शेतात, वाऱ्यात, उगवणाऱ्या अंकुरात दिसतो. वैधव्यानंतर आपले नशीब सांगू पाहणाऱ्या ज्योतिष्याला मात्र ती दारातूनच परत पाठविते. देवावर तिचा विश्वास अढळ, परंतु भविष्य विकत घेण्याची तिला गरज नाही. कपाळीचे कुंकू गेले म्हणून हातातले बळ जात नाही, हा तिचा निर्धार त्या गाण्यांत पुन्हा पुन्हा उमटतो. आणि माणसाच्या हावरेपणाचा तिला मनस्वी तिटकारा आहे. गायीगुरे घेतात त्याहून अधिक परत देतात, आणि माणूस मात्र पोट भरल्यावरही हात आखडून बसतो, हे तिने ज्या सडेतोडपणे सांगितले आहे, त्यापुढे दानधर्मावरील पुष्कळ व्याख्याने फिकी पडतात. मला तिच्यात विशेष वाटते ते हे की, उदारपणाचा शब्द आणि उदारपणाचे श्रम यांची जी फारकत मी मघाशी सांगितली, ती येथे नाहीशी झालेली आहे. दळणारी तीच, वाढणारी तीच आणि त्यावर विचार करणारीही तीच.

१९५१ च्या ३ डिसेंबरला बहिणाबाई जळगावात वारली. तिची गाणी सोपानदेवांनी आणि त्यांच्या एका आप्ताने वेळोवेळी उतरवून ठेवली होती. आईच्या मृत्यूनंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांच्यापुढे ठेवली. अत्र्यांनी ते धन ओळखले आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईची गाणी’ त्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. आता जळगावच्या विद्यापीठाला, जे १९९० मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ म्हणून स्थापन झाले, त्याला २०१८ पासून तिचे नाव आहे. तेथून पदवी घेणाऱ्या प्रत्येकाच्या पदवीपत्रावर, जिला आपले नाव लिहिता येत नव्हते, तिचे नाव छापलेले असते.

श्रोतेहो, या हकिगतीने आपला ऊर भरून यावा हे स्वाभाविक आहे. परंतु मला तिची दुसरी बाजू अस्वस्थ करते. रुक्मिणीबाई आपल्याला कळल्या, कारण त्यांचा मुलगा विनोबा होता. श्यामची आई कळली, कारण तिचा मुलगा लेखक झाला. बहिणाबाई कळली, कारण तिच्या मुलाने वही जपून ठेवली, आणि ती योग्य हाती पडली. ती वही एखाद्या पावसाळ्यात भिजली असती, तर आपल्या लेखी जळगावच्या वाड्यातली ती एक विधवा शेतकरीण, एवढेच काय ते राहिले असते. किंबहुना तेवढेही नाही. ज्यांची मुले शिकली नाहीत, ज्यांना केवळ मुलीच होत्या आणि त्या मुलींना कोणी शाळेत घातले नाही, अशा किती गृहिणी या तापीच्या खोऱ्यात धर्माने जगल्या असतील? त्यांनी दुष्काळात मूठभर ज्वारीची वाटणी कशी केली, प्लेगच्या झोपड्यांत कोणाची उस्तवार केली, दारी आलेल्याला काय म्हटले, हे आता कोणालाही सांगता येणार नाही.

याचा अर्थ मोठ्या दात्यांची किंमत कमी होते असे मुळीच नाही. अमळनेरात श्रीमंत प्रताप शेठ यांनी गिरणी चालविली आणि १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभारले. तेथे देशातले नामांकित पंडित वेदान्ताच्या अभ्यासासाठी येऊन राहिले. ज्या शाळेत साने गुरुजींनी शिकविले, ती प्रताप शेठांच्याच नावाची. द्रव्य असे विद्येकडे वळणे हे फार मोठे भाग्य आहे, आणि त्यांचे नाव शिळेवर असावे हे योग्यच आहे. मला एवढेच म्हणावयाचे आहे की, एका बाजूला शिळा आहे म्हणून दुसऱ्या बाजूला काहीच नव्हते, असे इतिहासाने समजू नये. दान हे द्रव्याच्या राशीतून निघते तसेच ते दळणाच्या पाटीतूनही निघते, आणि पाटीतून निघणारे दान रोजचे असते. आपली दात्यांची यादी मात्र शिळांवरूनच केली जाते.

तेव्हा घराचे नेतृत्व म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर खानदेशाच्या या इतिहासातून मला असे मिळते. समर्थांनी सांगितले की प्रपंच नीट करावा. विनोबांनी सांगितले की तोच प्रपंच देवाला वाहावा. आणि बहिणाबाईने, कोणास काही सांगण्याचा हेतू नसताना, ते करून दाखविले. घराचा कर्ता तो नव्हे, ज्याचा शब्द घरात शेवटचा असतो. ज्याचा वाटा शेवटचा असतो, तो खरा कर्ता. आणि शेवटचा वाटा घेण्याचे हे काम पिढ्यानपिढ्या एकाच व्यक्तीवर, आणि तेही न विचारता, सोपविले जात असेल, तर त्या घरात एकाची धर्मशीलता आहे आणि बाकीच्यांची सोय आहे. धर्म सर्वांचा असावयाचा असेल, तर हा वाटाही सर्वांनी आळीपाळीने घेतला पाहिजे. पुरुषांनी तर आधी घेतला पाहिजे.

नानासाहेब देवांनी घराघरांतून बाडे शोधून काढली. आपल्याला तितके हिंडण्याची गरज नाही. आपल्या घरात एखादी आजी, एखादी काकू, एखादी आत्या अजून असेल. तिला जात्यावरच्या ओव्या आठवत असतील. कानबाईचे रोट कोणत्या साली कोणाकडे झाले, घरात अन्न पुरेना तेव्हा काय केले, कोणते पोर परक्याचे असून घरात वाढले, हे सारे तिला ठाऊक असेल. सोपानदेवांनी जशी वही केली, तशी एक वही आपणही करावी. पहिल्या पानावर तिचे पूर्ण नाव घालावे, नुसते अमक्याची आई असे नव्हे. येत्या रविवारी एक तास तिच्यापाशी बसावे, आणि त्या दिवशीचे पान तिला आधी वाढावे, एवढी विनंती करून मी आपला निरोप घेतो.